आयुष्यात एकदाच: ब्लूफिन ट्यूना की बेलुगाची अंडी?

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, घरात वाद पेटलाय, तो विझवायला हा धागा.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं टोकियोला जातोय. लग्नाला २५ वर्षं होतील म्हणून एक संध्याकाळ ‘होऊ दे खर्च’ म्हणून राखून ठेवलीय. पण असा खर्च एकदाच होऊ शकतो, दोनदा नाही. माझं म्हणणं, टोकियोत जाऊन ब्लूफिन खायचा नाही तर जायचं कशाला? बायकोचं म्हणणं, मासा काय कुठेही मिळतो, खायचंच तर कॅव्हियार, आणि तेही बेलुगाचं.

मी तिला म्हटलं, तुझा मासा म्हणजे नदीच्या तळाशी चिखल हुंगत फिरणारा म्हातारा, माझा म्हणजे अख्खा अटलांटिक पोहून जाणारा पैलवान. ती म्हणाली, म्हणूनच त्याची अंडी खायची, त्याला नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही खाल्लेले, एक खाल्लेला, एकही न खाल्लेले पण मत असलेले, सगळ्यांनी लिहा. नुसतं चवीचं नको. कुठला मासा खरोखर या भावाला लायक आहे, तेही सांगा.

---

गप्पिष्ट | सोमवार, रात्री ९:५०

वहिनींशी सहमत. बाकीचं नंतर वाचते.

---

तिरपागडा | सोमवार, रात्री ९:५८

२५ वर्षं झाली आणि अजून वाटतंय की वाद मिटवायला धागा लागतो? जे त्या म्हणतात ते मागवा.

---

डोलकाठी | सोमवार, रात्री १०:३१

मी ट्यूनाच्या बाजूने. बोटीवरच्या नोकरीत टोकियोला दोनदा उतरलो, त्यातल्या एकदा तोयोसू बाजारातला लिलाव पाहायला मिळाला. आधी सोडतीत नाव निघावं लागतं, आणि पहाटे साडेपाचच्या सुमाराला तिथे हजर राहावं लागतं.

जमिनीवर ओळीने मासे मांडलेले. डोकं आणि कल्ले काढलेले, शेपटी छाटून बाजूला ठेवलेली. खरेदीदार हातात बॅटरी घेऊन त्या छाटलेल्या जागेत डोकावतात. मांसाचा इवलासा तुकडा काढून बोटांत चोळतात. चरबी बोटाला कशी लागते त्यावरून पोटाकडचा भाग कसा निघेल याचा अंदाज. मग घंटा वाजते आणि लिलाव पुकारणारा जे काही म्हणतो त्यातलं अक्षर कळत नाही, पण ते काहीतरी मंत्र म्हटल्यासारखं वाटतं. पाच-दहा सेकंदांत एकेका माशाचा निकाल. एवढा पैसा एवढ्या कमी शब्दांत हलताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

जानेवारी २०१९मध्ये याच बाजारात नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. म्हणजे किलोला बरोबर १२ लाख येन. तो मासा ओमाचा होता, होन्शू बेटाचं अगदी उत्तर टोक.

---

मिठाचा खडा | सोमवार, रात्री १०:४४

हा आकडा सगळे फेकतात म्हणून खडा टाकतो. तो माशाचा भाव नाही, जाहिरातीचा खर्च आहे. ज्यांनी घेतला ते सुशीच्या दुकानांची साखळी चालवतात, दुसऱ्या दिवशी जगभरच्या बातम्यांत त्यांचा फोटो. तेवढ्या पैशात जाहिराती केल्या असत्या तर एवढी प्रसिद्धी मिळाली नसती. पहिल्या लिलावाचा मासा म्हणजे मानाचा मासा. फेब्रुवारीत त्याच आकाराचा मासा त्याच बाजारात या भावाच्या जवळपासही नसतो.

---

डोलकाठी | सोमवार, रात्री १०:५१

मान्य. पण फेब्रुवारीतला मासाही स्वस्त नसतो हो.

---

तळटीप | मंगळवार, सकाळी ७:१५

रिकामटेकडेराव, तुलना चांगली मांडलीत, पण ‘कुठला मासा या भावाला लायक’ हा प्रश्नच मला उलटा वाटतो. हे दोन्ही मासे एके काळी कवडीमोल होते.

जपानमध्ये एदो काळात, म्हणजे १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत, ट्यूनाच्या चरबीच्या भागाला कोणी विचारत नसे. बर्फ नव्हता, चरबी लगेच खवट व्हायची. ‘नेको-मातागी’ असा एक शब्द आहे, म्हणजे मांजरसुद्धा ज्याला ओलांडून पुढे जाईल असा मासा. आज ज्या ओतोरोसाठी, म्हणजे पोटाकडच्या चरबीदार मांसासाठी, तुम्ही पैसे साठवताय तो भाग त्या मांजरीने ओलांडलेला.

अटलांटिकपलीकडे तर आणखी मजा. १९६०च्या दशकापर्यंत कॅनडा-अमेरिकेच्या किनाऱ्यावर ब्लूफिन म्हणजे हौशी गळवाल्यांचा खेळ. पकडायचा, शेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि मग मांजराच्या डब्याला द्यायचा किंवा पुरून टाकायचा. पुढे जपानी विमान कंपनीच्या मालवाहतूक खात्याला प्रश्न पडला की जपानहून इलेक्ट्रॉनिक वस्तू भरून जाणारी विमानं परत येताना रिकामी का यावीत. शोधत शोधत ते कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या ट्यूनापर्यंत पोचले. ऑगस्ट १९७२मध्ये तिथले पहिले मासे टोकियोत लिलावाला लागले आणि तिथून चित्र पालटलं. म्हणजे या माशाला सोन्याचा भाव आणला तो रिकाम्या विमानांनी.

ज्याच्या अंड्यांचं कॅव्हियार होतं त्या स्टर्जन माशाचंही तेच. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या नद्यांत स्टर्जन इतका होता की दारूच्या गुत्त्यांत त्याची खारवलेली अंडी फुकट ठेवत. खारट खाल्लं की माणूस आणखी पितो, एवढाच हेतू. डेलावेअर नदीच्या मुखाजवळ न्यू जर्सीत चक्क ‘कॅव्हियार’ नावाचं गाव होतं. तिथून डबे युरोपात जात आणि काही ‘रशियन’ होऊन परत येत. १९०० उजाडेपर्यंत नदीतला मासा संपत आला, आणि तो संपला तसा पदार्थ उच्चभ्रू झाला.

चव तीच, मासा तोच. फक्त आधी पुरून टाकत होते, नंतर लॉकरमध्ये ठेवायला लागले.

---

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ७:४०

तळटीपराव, दंडवत! मांजरीचा भाग बायकोला वाचून दाखवला. ती हसत सुटली, आणि आता ती मांजरीच्या पक्षात आहे.

---

अनघड | मंगळवार, सकाळी ९:०५

भाबडा प्रश्न: कॅव्हियार म्हणजे कुठल्याही माशाची अंडी ना? मग बेलुगाचीच का? आणि बेलुगा म्हणजे तो पांढरा देवमासा ना?

---

पाणकावळा | मंगळवार, सकाळी ९:४८

अनघडताई, नावाचा घोळ आहे. रशियन भाषेत ‘बेली’ म्हणजे पांढरा, त्यावरून दोघांनाही नाव पडलं. बेलुगा देवमासा सस्तन प्राणी, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातला. त्याची अंडी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. कॅव्हियारवाला बेलुगा म्हणजे स्टर्जन कुळातला सर्वांत मोठा मासा, कास्पियन आणि काळ्या समुद्रातला.

आणि नाही, कुठल्याही माशाची अंडी म्हणजे कॅव्हियार नव्हे. मराठीत सरसकट गाबोळी म्हणता येईल, रशियनमध्येही सगळ्याला ‘इक्रा’च म्हणतात. पण जाणकारांच्या लेखी नुसतं ‘कॅव्हियार’ म्हटलं की ते स्टर्जनचंच. सामनचं असेल तर तसं लिहावं लागतं. लंपफिश नावाच्या माशाची अंडी काळी रंगवून छोट्या बरण्यांत विकतात, पहिल्यांदा घेणारे बरेचसे तीच खाऊन ‘यात काय एवढं’ म्हणतात.

मी शिकायला काही वर्षं अस्त्राखानला होतो, जिथे व्होल्गा कास्पियनला मिळते तिथे. त्यामुळे या विषयावर माझी वटवट सहन करावी लागेल. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

---

तिरपागडा | मंगळवार, सकाळी १०:०२

देवमाशाची अंडी! आजचा दिवस सार्थकी लागला.

---

अनघड | मंगळवार, सकाळी १०:०६

हसा हसा. निदान मी विचारलं तरी. निम्म्या लोकांनी तेच गृहीत धरून प्रतिसाद दिलेत, पैज लावते.

---

पाणकावळा | मंगळवार, रात्री ८:२०

हां, तर बेलुगा.

हे कूळ सुमारे २० कोटी वर्षं जुनं. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या ढाली, आतला सांगाडा बहुतेक कूर्चेचा. पाठीच्या मणक्यांऐवजी आयुष्यभर एक दोरीसारखी नळीच राहते. रशियात ती वाळवून ‘व्याझिगा’ म्हणून माशाच्या मोठ्या समोशात घालत. समोसा म्हणजे पिरोग, समजून घ्या. तोंड खाली, त्यापुढे चार मिशा, तळ चाचपायला. रिकामटेकडेराव त्याला चिखल हुंगणारा म्हातारा म्हणाले ते बाकीच्या स्टर्जनना लागू आहे. बेलुगा मात्र मोठा झाला की पक्का शिकारी, मासेच खातो. १८२७मध्ये व्होल्गाच्या मुखाशी पकडलेल्या मादीची नोंद आहे ७.२ मीटर आणि १,५७१ किलो. तुमचा पैलवान ट्यूना? गळाने पकडलेल्यांत विक्रमी ६७९ किलो, १९७९, कॅनडातला नोव्हा स्कोशिया. निम्म्याहून कमी.

पण खरी गोष्ट वजनाची नाही, वयाची आहे. बेलुगाची मादी पहिल्यांदा अंडी घालायला १६ ते २० वर्षं घेते. त्यानंतरही दरवर्षी घालत नाही, मध्ये काही वर्षं जातात. जगते शंभरेक वर्षं. अंडी घालायला समुद्रातून नदीत शेकडो किलोमीटर वर चढते. आता विचार करा, १९५८च्या सुमाराला व्होल्गोग्राडला धरणाने नदी अडवली आणि बेलुगाच्या अंडी घालायच्या जवळपास सगळ्या जागा भिंतीपलीकडे राहिल्या. त्या वर्षी जन्मलेली मादी १९७५-८०ला वयात येऊन नदी चढायला लागली, तर वाटेत काँक्रीट. डॅन्यूबवर १९७२मध्ये ‘आयर्न गेट्स’ला तेच झालं.

आणि मादी पकडली की अंड्यांसाठी पोट फाडायचं. अंडी पक्व व्हायच्या जरा आधीच काढावी लागतात, नंतर ती मऊ पडतात. म्हणजे २० वर्षं थांबून तयार झालेली मादी, एकदाही न वीता डब्यात.

अस्त्राखानची माझी स्वतःची फजिती. आमच्या वसतिगृहाच्या जिन्यात एक माणूस कोटाच्या आतून निळ्या झाकणाचे डबे काढून विकायचा. निळं झाकण म्हणजे बेलुगा, पिवळं ओसेत्रा, लाल सेवरुगा (या स्टर्जनच्याच दुसऱ्या जाती), अशी जुनी पद्धत. मी दोन महिन्यांचे पैसे साठवून एक डबा घेतला, वर्गातल्या रशियन मित्राला अभिमानाने दिला. त्याने एक चमचा खाल्ला, जिभेवर घोळवलं आणि शांतपणे म्हणाला, ‘श्चूका’. म्हणजे पाईक मासा. कुणीतरी पाईकची अंडी काळी रंगवून निळ्या डब्यात भरली होती. जीभ दोन दिवस निळसर.

---

गप्पिष्ट | मंगळवार, रात्री ८:३३

‘एकदाही न वीता डब्यात’ वाचून पोटात कालवलं. माझी सहमती मागे घेते. वहिनी, सॉरी.

---

मिठाचा खडा | मंगळवार, रात्री ८:५०

पाणकावळा, फसवणुकीवरून आठवलं. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात प्रथिनांपासून कृत्रिम काळं कॅव्हियार बनवलं होतं, नेस्मेयानोव्ह नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने. तुमचा जिन्यातला माणूस निदान खऱ्या माशाची अंडी तरी देत होता.

---

डोलकाठी | मंगळवार, रात्री ९:१७

पाणकावळ्यांचा प्रतिसाद जबरदस्त, पण वजनाने मासा जिंकत नाही. ट्यूनाचं शरीर बघा. बाकीचे बहुतेक मासे पाण्याइतकेच थंड. ब्लूफिन आपल्या स्नायूंत तयार झालेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या बारीक नळ्यांचं जाळं शेजारी शेजारी असतं, बाहेर जाणारं गरम रक्त आत येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देऊन जातं. म्हणून बर्फगार पाण्यातही त्याचे स्नायू जोमात. आणि हा मासा थांबत नाही. थांबला तर कल्ल्यांतून पाणी वाहणार नाही, गुदमरून मरेल. जन्मल्यापासून मरेपर्यंत पोहणं. अटलांटिक दोन महिन्यांच्या आत ओलांडल्याच्या नोंदी आहेत.

पण हीच ऊब मेल्यावर घात करते. गळाला लागलेला मासा तासभर झुंजला तर अंगाचा तापतवा होतो, आम्ल साचतं, मांस फिकट आणि भुसभुशीत पडतं. जपानी त्याला ‘याके’ म्हणतात, जळलेला. म्हणून पकडल्याबरोबर डोक्यात खिळा, मग पाठीच्या कण्यातून तार, रक्त काढून टाकायचं, थेट बर्फाच्या पाण्यात. लांबच्या बोटींवर उणे ६० अंशांला गोठवतात. घरच्या फ्रीजरसारख्या उणे १८ला ठेवला तर मांसाचा लाल रंग टिकत नाही, ते तपकिरी होतं.

म्हणजे त्या किमतीत निम्मं माशाचं, निम्मं त्याला हाताळणाऱ्या माणसाचं कसब. कॅव्हियारमध्ये काय? चाळणीवर घासायचं आणि मीठ घालायचं.

---

पाणकावळा | मंगळवार, रात्री ९:४०

चाळणीवर घासायचं आणि मीठ घालायचं! डोलकाठी, हे वाक्य अस्त्राखानमध्ये म्हणाला असतात तर नदीत ढकलला असता.

मीठ घालणारा माणूस तिथे सोनारासारखा. अंडी पडद्यातून सुटी करणं, फुटू न देता धुणं, मग वजनाच्या तीन ते पाच टक्के मीठ. ‘मालोसोल’ म्हणजे कमी मिठाचं. एक टक्का इकडेतिकडे झाला की अर्ध्या आयुष्याएवढी वाट पाहून मिळालेला माल लोणच्याच्या भावाने जातो. आणि हे सगळं मासा कापल्यापासून मिनिटांत.

---

तळटीप | मंगळवार, रात्री १०:२५

दोघेही बरोबर, भांडू नका. मला या दोन माशांतली खरी गंमत वेगळीच वाटते. एक समुद्रात वाचला, पण टाकीत वाढेना. दुसरा टाकीत वाढला, पण नदीत वाचेना.

ट्यूनाचं आधी. २०१०मध्ये दोहात ‘साइट्स’ची, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची, परिषद भरली. अटलांटिक ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी घाला, असा मोनॅकोचा प्रस्ताव होता. जपानने विरोध केला, आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जपानी दूतावासाच्या मेजवानीत ब्लूफिनच वाढला होता. ६८ विरुद्ध २० मतांनी प्रस्ताव पडला. पण धक्का बसला होता. त्याच सुमाराला, माद्रिदहून चालणाऱ्या ‘आयकॅट’ या अटलांटिकमधल्या ट्यूनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने पकडीची मर्यादा कडक केली आणि लहान मासे पकडण्यावर लगाम घातला. ब्लूफिन चार-पाच वर्षांत वयात येतो, पश्चिमेकडचा जरा उशिरा. मोठी मादी हंगामात कोटीच्या घरात अंडी घालते. जरा श्वास मिळाला की मासा वाढतो. २०२१मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अटलांटिक ब्लूफिनला ‘संकटग्रस्त’ यादीतून काढून ‘सर्वांत कमी चिंता’ गटात टाकलं. पॅसिफिकमधला तर मूळ साठ्याच्या २ टक्क्यांच्या आसपास उतरला होता, तोही सावरलाय. मेक्सिकोच्या आखातात जन्मणारा अटलांटिक ब्लूफिन अजून तितका सावरलेला नाही, हे मात्र खरं.

मग टाकी. जपानच्या किंदाई विद्यापीठाने १९७०मध्ये ब्लूफिनच्या संवर्धनावर काम सुरू केलं. अंड्यापासून मासा, त्या माशाची अंडी, हे वर्तुळ पूर्ण व्हायला २००२ उजाडलं. ३२ वर्षं! पिल्लं एकमेकांना खातात, जाळ्यावर आपटून मरतात, रस्त्यावरच्या गाडीचा दिवा चमकला तरी बिथरतात. आजही बहुतेक ‘शेती’चा ट्यूना म्हणजे समुद्रातून पकडून पिंजऱ्यात लठ्ठ केलेला. त्याला खाऊ घालायला छोटे मासेच लागतात, तेही त्याच्या वजनाच्या कितीतरी पट.

स्टर्जनचं नेमकं उलटं. टाकीत शांत राहतो, गर्दी सोसतो, गोड्या पाण्यात वाढतो. फक्त थांबायची तयारी हवी. बाहेरून नर-मादी ओळखू येत नाही, म्हणून तीन-चार वर्षांच्या माशाची सोनोग्राफी करतात. आज जगात सर्वांत जास्त कॅव्हियार चीनमध्ये तयार होतं. चियानदाओ तलावावरच्या एका कंपनीचा तर त्यात मोठाच वाटा. तिथला गाजलेला माल म्हणजे कालुगा आणि आमूर स्टर्जनचा संकर. आणि नदीत? २०२२च्या आढाव्यात स्टर्जन आणि त्याचा भाऊबंद पॅडलफिश यांच्या उरलेल्या सगळ्या २६ जाती धोक्यात निघाल्या. यांगत्सेतला चिनी पॅडलफिश तर नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ज्या देशात टाक्या भरल्या, त्याच देशातल्या नदीत.

---

तिरपागडा | मंगळवार, रात्री १०:३१

माशाची सोनोग्राफी. “अभिनंदन, मुलगी आहे” आणि दहा वर्षांनी पोट फाडतात.

---

अनघड | मंगळवार, रात्री १०:४०

हा विनोद नव्हता, तिरपागडा. म्हणजे होता, पण नको होता.

माझं मत आता पक्कं. दोन्ही नको. एवढं वाचल्यावर घास उतरणार आहे का?

---

मिठाचा खडा | बुधवार, सकाळी ८:१२

अनघडताई, तळटीपरावांनी जे लिहिलं त्याचा अर्थ नेमका उलटा निघतो. शेतीचं कॅव्हियार खाल्लं तर नदीतल्या मादीला हात लागत नाही. मर्यादेत पकडलेला ट्यूना खाल्ला तर ती मर्यादा पाळणारा कोळी टिकतो. खायचं की नाही यापेक्षा कुठला, हा प्रश्न आहे. १९९८पासून स्टर्जनच्या व्यापारावर साइट्सची नजर आहे, प्रत्येक डब्यावर कोड असतो. जातीची अक्षरं, मग एक अक्षर: ‘डब्ल्यू’ म्हणजे जंगली, ‘सी’ म्हणजे बंदिवासात वाढवलेला. पुढे देश, वर्ष, वगैरे. ‘एचयूएस’ म्हणजे बेलुगा. कोड नसेल तर डबा ठेवून द्या. पाणकावळ्यांच्या जिन्यात कोड नव्हता ना?

---

पाणकावळा | बुधवार, सकाळी ८:३०

जिन्यात दिवासुद्धा नव्हता.

---

अनघड | बुधवार, सकाळी ८:४४

मिठाचा खडा, मुद्दा कळतो. पण शेतीचं आणि चोरीचं यांची चव एकच. बाजारात मागणी वाढली की जिन्यातल्या माणसाचंही फावतं. कोड वाचणारे किती, आणि निळं झाकण पाहून भुलणारे किती? मी आपली बाहेरच बरी.

---

गप्पिष्ट | बुधवार, दुपारी १:२०

अवांतर: कॅव्हियार चांदीच्या चमच्याने खाऊ नये, शिंपल्याचाच चमचा हवा म्हणतात. खरंय का?

---

तळटीप | बुधवार, दुपारी २:०५

चांदी काळवंडते आणि धातूची चव लागते, एवढं खरं. पण कॅव्हियारचा डबा स्वतः पत्र्याचाच असतो, आतून लेप दिलेला. स्टीलच्या चमच्याने काही बिघडत नाही. व्यापारी तर हाताच्या पाठीवर, अंगठ्याजवळ थोडं ठेवून चाखतात. चमच्याचा प्रश्नच मिटला.

अवांतरात भर: २०२०मध्ये हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की रशियन स्टर्जन आणि अमेरिकन पॅडलफिश यांची संतती चुकून जन्मली. दोघांचे पूर्वज १८ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झालेले. चुकून!

---

तिरपागडा | बुधवार, दुपारी २:११

आणि आमच्याकडे पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळं नाकारतात.

---

डोलकाठी | बुधवार, रात्री ९:३०

मूळ प्रश्नावर येतो, चवीवर. रिकामटेकडेराव, ट्यूना खायचा झाला तर थेट ओतोरोवर उडी मारू नका. आधी आकामी, म्हणजे पाठीकडचं लाल मांस. मग चूतोरो, म्हणजे मध्यम चरबीचं. शेवटी ओतोरो, एकच तुकडा. ओतोरोतली चरबी जिभेच्या उष्णतेनेच वितळते, चावायला काही उरत नाही. पहिला तुकडा स्वर्ग, दुसरा छान, तिसऱ्याला तूप प्यायल्यासारखं वाटतं. चांगले शेफ मासा ताजा वाढतही नाहीत, काही दिवस मुरवतात, मग त्यातलं इनोसिनेट नावाचं चव आणणारं द्रव्य वाढून चव खुलते. ‘ताजा फडफडीत’ हे ट्यूनाला लागू नाही.

---

रिकामटेकडा | (तीन आठवड्यांनी) रविवार, रात्री ११:०५

मंडळी, परत आलो. धागा वर काढतोय, रागावू नका.

आधी ट्यूना. आठ जागांचं छोटं दुकान, नाव सांगत नाही कारण म्हाताऱ्या शेफने फोटोलाही नाही म्हटलं. डोलकाठींचा क्रम पाळला. आणि काय सांगू, मला आकामीच आवडला! लोखंडासारखी एक चव, थोडी आंबटसर, मग बराच वेळ रेंगाळणारं काहीतरी. ओतोरो खाल्ला तेव्हा बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं ‘वा’. ती म्हणाली, ‘खरं सांग.’ मी म्हटलं, लोणी आहे, पण लोणीच आहे. मांजर बरोबर होती म्हणायची.

आणि दोनदा खर्च नाही हे ठरलेलं असूनही दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर बायकोने ३० ग्रॅमचा डबा घेतला. तिच्या पैशाने, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. हॉटेलच्या खोलीत बसून हाताच्या पाठीवर ठेवून खाल्लं, तळटीपरावांच्या कृपेने. दाणे टपोरे, करडे. जिभेने टाळ्यावर दाबले की फुटतात, आणि मीठ नाही लागत आधी, आक्रोडासारखं काहीतरी लागतं, मग समुद्र. बायकोने डोळे मिटून घेतले. म्हणाली, ‘कास्पियनचा वारा आला.’ मला वाराबिरा नाही आला, पण खोटं बोलणार नाही, आकामीच्या तोडीस तोड होतं.

निकाल: बरोबरी.

---

मिठाचा खडा | रविवार, रात्री ११:२०

डब्यावरचा कोड वाचलात?

---

रिकामटेकडा | रविवार, रात्री ११:३८

आत्ता वाचला. रिकामा डबा तिने जपून आणलाय. एससीएच, गुणिले डीएयू, मग ‘सी’, मग सीएन.

---

पाणकावळा | रविवार, रात्री ११:४१

आमूर आणि कालुगाचा संकर. शेतीतला. चीन. बहुधा त्या तलावावरचाच.

---

तिरपागडा | रविवार, रात्री ११:४३

कास्पियनचा वारा बराच फिरून आला म्हणायचा.

---

रिकामटेकडा | रविवार, रात्री ११:४५

श्शू. तिला काही सांगू नका. २५ वर्षांत पहिल्यांदा ती एका खरेदीवर इतकी खूश आहे.

---

वेळ_नाही | रविवार, रात्री ११:५२

मला दुकानातच माहीत होतं. आता दिवा घालव आणि झोप.